अप्पाला जरा उजळ कर

गुरुशांतला कुणी शिवी दिली तर तो हसून सोडायचा, पण त्याच्या डोळ्याला कुणी नाव ठेवलेलं त्याला खपायचं न्हाई. तुमी म्हणाल, डोळ्याचं काय एवढं कौतुक? अहो, माणूस सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शेड मास्तर. गिऱ्हाईक परदेशातनं बोटभर चिंधी पाठवतं आन म्हणतं, ह्या रंगाचा माल करा. माल चिंधीला जुळला का न्हाई, हे सांगणारा माणूस म्हंजे गुरुशांत. सकाळच्या उजेडात खिडकीपाशी उभा राहायचा, एका हातात चिंधी, एका हातात टॉवेल, मान जरा तिरकी. मग म्हणायचा, "थेंबभर निळा कमी हाय." म्हंजे कमीच असायचा. शेठनं मधी रंग मोजायचं मशीन आणलं हुतं. मशीनचं आन गुरुशांतचं पटलं न्हाई, की शेठ मशीन दुरुस्तीला पाठवायचा.

असला माणूस हरला. आन रंगात हरला असता तर गोष्ट येगळी. हरला काळ्या-पांढऱ्यात.

झालं असं, की गुरुशांतनं नवं घर बांधलं. जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला, आता स्वतःचा स्लॅब. वास्तूचा दिवस ठरला, पूजेसाठी जंगम स्वामींना सांगून झालं, आचारी ठरला. आन त्याची आई, सुंदरम्मा, घरात सगळ्यांची अव्वा, नव्या हॉलच्या मधोमध पाट टाकून बसली आन म्हणली, "तम्मा, माझ्या लेकरा, सगळ्यांना बोलावलंस. ह्यांना कवा बोलवणार?"

ह्यांना म्हंजे गुरुशांतच्या अप्पाला, वडलांना. अप्पा चादरीच्या मागावर काम करायचा आन ऐन जवानीत गेला. गुरुशांतला त्याचं तोंड नीट आठवतसुदिक न्हाई. घरात अप्पाचा एकच फोटो, काळा-पांढरा, गड्ड्याच्या यात्रेत काढलेला. मागं पुठ्ठ्याचं विमान, म्होरं अप्पा, डोक्याला पटका, आन ओठाच्या एका कोपऱ्यात हसू. पूर्ण हसला न्हवता. फोटोवाला ओरडंल म्हणून आवरलेलं हसू हुतं ते. अव्वाचा सगळा जीव त्या कोपऱ्यात. फोटो तिच्या पत्र्याच्या डब्यात हुता, पोस्टाच्या पाकिटाएवढा, एका बाजूला हळद सांडलेली.

"ह्यांनी घर बगितलं पायजे," अव्वा म्हणली. "भिंतीवर मोठ्ठे करून लाव. हसलेले दिसले पायजेत बग."

येवढंच काम. पण सोपं काम सोपं ठेवायला अक्कल लागती, आन गुरुशांतकडं अकलेच्या जागी डोळा हुता.

त्याचा वर्गमित्र महेश्वर, त्याचा फोटो स्टुडिओ हुता. दोघं चौथीपर्यंत एका बाकावर, पुढं शाळेनं दोघांनाबी मोकळं केलं. महेश्वर अंधाऱ्या खोलीत औषधाच्या ताटल्यांत फोटो धुवत मोठा झाला, मग कॉम्प्युटर शिकला. त्यानं अप्पाचा फोटो कॉम्प्युटरवर घेतला, हळद काढली, मोड काढली, विमान तेवढं ठेवलं. ते सगळं पेनड्राईव्हवर घालून दिलं, म्हणला, "घरी बग. अव्वाला दाखव. मग छापतो."

घरी पोरीचा कॉम्प्युटर हुता. उत्कर्षा पुण्याला शिकायला गेली तवा लॅपटॉप घेऊन गेली, हा जुना हितंच राहिला. गुरुशांतनं तो लावला, मॉनिटरचा उजेड हुता तेवढा वर केला, आन अप्पा उजळला. पटक्याची घडी न् घडी दिसली, त्याच्या सावलीतले डोळे दिसले. कोपऱ्यातलं हसूबी दिसलं. अव्वा पदर तोंडाला लावून मॉनिटरम्होरं बसली ती उठंना. जाताना तिनं मॉनिटरला हात जोडले. ते बगून गुरुशांतलाबी कसंतरीच झालं. त्यानं तवाच ठरवलं, भिंतीवर जो लागंल तो अगदी असाच लागंल. ह्यात तसूभर कमी-जास्त खपवून घ्यायचं न्हाई.

महेश्वरनं फोटो छापला आन स्वतः आणून दिला. चांगला हातभर मोठा, जाड कागदावर, खाली कोपऱ्यात मागच्या बाजूला त्याचा शिक्का. गुरुशांतनं खिडकीपाशी नेला, मान तिरकी केली.

"काळा आलाय."

"काळा कुटं? नीट बग की," महेश्वर म्हणला.

"पटक्याखाली सगळा कोळसा हाय. हसू कुटं हाय? मॉनिटरवर दिसतंय, हितं न्हाई. शेड जुळली न्हाई."

गुरुशांतची बायको दानेश्वरी चहा घेऊन आली. तिनं बगितलं, म्हणली, "दिसतंय की ओ. मामा हसायलेत."

"तुला दिसतंय कारण तुला सांगितलंय," गुरुशांत म्हणला. ती कप ठेवून आत गेली.

महेश्वर शांत माणूस. म्हणला, "गुरू, मॉनिटर म्हंजे दिवा. कागद म्हंजे कागद. दिव्याला सोताचा उजेड असतो, कागदाला आपण द्यावा लागतो. तू मॉनिटर पेटवून ठेवलायस पेट्रोमॅक्ससारखा. आदी तो खाली आण. शेजारी कोरा कागद धर, दोन्ही सारखं पांढरं दिसंस्तोवर उजेड कमी कर. मग जुळवून बग."

गुरुशांतनं तसं केलं. मॉनिटर उतरवला, उतरवला, कागदाला जुळवला. झालं काय, तर अप्पा आता कागदावरबी दिसंना आन मॉनिटरवरबी दिसंना.

"हे बरं शिकीवलंस," गुरुशांत म्हणला. "हुता तो अप्पाबी घालवलास."

हितं खरं तर शाण्या माणसाला शंका यायला पायजे हुती. पण ज्याचा डोळा गावात नावाजलेला, त्याला शंका सगळ्या दुनियेची येती, डोळ्याची येत न्हाई.

कारखान्यात एक नियम असतो. कापड ओलं असलं की शेड गडद दिसती, सुकलं की उतरती. गुरुशांतला वाटलं, शाई अजून ओली असंल. म्हणून त्यानं अप्पाला गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळत घातलं. दोरीवर जागा हुती ती दानेश्वरीच्या परकराच्या आन गुरुशांतच्या बनियनच्या मधी. अव्वा कुरडया बगायला वर गेली आन तितनं जी ओरडली, ती समोरच्या बोळातली माणसं बाहेर आली.

"अगं बाई! माझ्या नवऱ्याला परकराशेजारी टांगला! वीस गाव हिंडला तरी असला ल्योक मिळायचा न्हाई!"

"अव्वा, सुकायला घातलाय."

"ते काय पापड हायेत?"

एकदा गच्चीवर माणसं जमली की ती फुकट खाली जात न्हाईत. शेजारचे गुरुबसप्पा, महापालिकेतनं रिटायर झालेले, सगळ्या गोष्टींवर सल्ला देण्याचं त्यांना पेन्शनच मिळत हुतं म्हणा. त्यांनी फोटो बगितला, चष्मा कपाळावर सरकवला. चष्मा कपाळावर गेला, की बोलणं लांबणार असं बोळात सगळ्यांना ठाऊक.

"फोटोत दोष न्हाई, गुरुशांत. हा व्होल्टेजचा दोष. तुमच्या मॉनिटरला करंट जादा येतोय, म्हणून तितं उजळ दिसतंय. वीज कार्यालयात अर्ज टाका."

आन हा बाबा गेला की हो! अर्धा दिवस खाडा करून गेला. खिडकीतल्या बाईनं इचारलं, "तक्रार काय?"

"वडील मॉनिटरवर उजळ दिसतात, कागदावर काळे."

बाईनं पेन खाली ठेवलं. "वडलांचं मीटर कुणाच्या नावावर हाय?"

"वडील वारले."

"मग आदी नाव बदलून घ्या. मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, दोन फोटो."

"फोटोचाच तर घोळ हाय ओ बाई!"

तिनं त्याला तीन नंबरच्या खिडकीवर पाठवलं. तीन नंबरला जेवायची सुट्टी हुती.

परत आल्यावर गुरुशांतनं आपली कारखान्याची रीत काढली. सॅम्पल लॉटच्या शेजारी ठेवल्याबगैर शेड जुळत न्हाई, आन शेड जुळवायची ती सकाळच्या उजेडात, छपराखाली न्हाई. म्हणून मॉनिटर गच्चीवर. कॉम्प्युटरचा डबा गच्चीवर. खालनं एक्सटेन्शनची वायर, ती पुरंना म्हणून गुरुबसप्पांच्या बाथरूमच्या खिडकीतनं दुसरी. सगळं मांडून उन्हात मॉनिटर चालू केला, तर त्यात अप्पा न्हाई, विमान न्हाई, फक्त गुरुशांतचं सोताचं तोंड आन मागं पाण्याची टाकी. मग मॉनिटरवर चादर टाकली. चादरीत डोकं घालून एकदा मॉनिटर बगायचा, डोकं बाहेर काढून एकदा कागद बगायचा. आत अंधार, बाहेर सोलापूरचं ऊन. पाच-सात वेळा आत-बाहेर केल्यावर त्याला काळं-पांढरं सोडा, जिना दिसंना. दानेश्वरीनं हाताला धरून खाली आणला.

"अहो, जाऊ द्या. चांगला हाय फोटो," ती म्हणली.

"तू गप. मी पंचवीस प्रकारचा पांढरा ओळखतो."

ती गप बसली. हे गप बसणं ध्यानात ठेवा तुमी. घरात, कारखान्यात, बोळात, सगळीकडं त्याला असंच गप बसणं मिळत हुतं, आन तो त्याला कबुली समजत हुता.

वास्तू तोंडावर आली. गुरुशांत फोटो घेऊन स्टुडिओत गेला. तितं गर्दी. शाळेचे दिवस, पोरांचे पासपोर्ट फोटो, आया-बाया बाकड्यावर बसलेल्या. महेश्वर एका पोराचा भांग पाडत हुता. गुरुशांतनं फोटो काउंटरवर आपटला.

"अप्पाला जरा उजळ कर."

"गुरू, आजून उजळ केला तर तोंड धुऊन जाईल. पटक्यातला पांढरा न् भिंतीतला पांढरा एक हुईल. मी ह्या फोटोला लई येळ दिलाय. चेहऱ्यावरची एक-एक सावली हातानं सोडवलीय."

"सोडवलीस ती दिसंना."

"मला दिसती."

आन मग गुरुशांत बोलला. सगळ्या आया-बायांम्होरं बोलला. "महेश्वर, तुला आता काळं-पांढरं कळंना झालंय. लोकांची तोंडं कशाला बिघडवतोस? दुकान बंद कर आन घरी बस."

महेश्वरच्या हातातला कंगवा थांबला. बाकड्यावरची एक बाई आपल्या पोरीचे छापलेले फोटो पाकिटातनं काढून परत बगायला लागली. महेश्वरनं कंगवा परत चालवला. पोराचा भांग पुरा केला. मग आत गेला आन कॉम्प्युटरवर बसला. गुरुशांत त्याच्या पाठीमागं उभा. कागद निगायचा, गुरुशांत म्हणायचा, "आजून." परत निगायचा. "आजून." शेवटी एक कागद निगाला, गुरुशांतनं दारात नेऊन बगितला आन त्याचा चेहरा फुलला. पटक्याखाली डोळे दिसत हुते. हसू दिसत हुतं. म्हणला, "ह्यो! ह्याला म्हणतात शेड जुळणं. हेच पयल्यांदा केलं असतंस तर?"

महेश्वरनं नवा-जुना दोन्ही फोटो गुंडाळून दिले. नव्यावर शिक्का मारला न्हाई. गुरुशांतनं ते बगितलं, पण मनावर घेतलं न्हाई. जिंकलेला माणूस बारीक गोष्टी बगत न्हाई.

वास्तूच्या दिवशी फोटो हॉलमधी टांगला. जंगम स्वामी आले, पाद्यपूजा झाली. स्वामींनी अप्पाच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, हार घातला, मंत्र म्हणले. विभूती ओढली खरी, पण ती कुटं ओढली हे लांबनं कुणाला कळंना, कारण पांढऱ्यावर पांढरं. पाव्हणे येत हुते, फोटोम्होरं थांबत हुते, हात जोडत हुते आन एकामेकांकडं बगत हुते. गुरुबसप्पा चष्मा कपाळावर चढवून लई येळ उभे राहिले. आन त्या दिवशी पयल्यांदा, बोलले न्हाईत. जेवायला जाऊन बसले.

महेश्वर आला न्हाई. त्याची बायको आली, ओटी भरून घेतली आन गेली.

अव्वा फोटोम्होरं उभी राहिली. किती येळ तरी. गुरुशांत जवळ गेला. "अव्वा, दिसले का हसलेले?"

अव्वानं त्याच्याकडं बगितलं, परत फोटोकडं बगितलं. "बरं केलंस," येवढंच म्हणली, आन डोळे पुसले. गुरुशांतला वाटलं, आपल्या जन्माचं सार्थक झालं.

पुढं दिवाळी झाली आन कारखान्यात एक लॉट परत आला. पांढऱ्या टॉवेलचा. गिऱ्हाईकाचं म्हणणं, पांढरा मागितला हुता, तुमी निळा पाठवला. शेठनं मशीन लावलं. मशीन म्हणलं, निळा. गुरुशांतनं खिडकीत धरला आन म्हणला, "दुधासारखा हाय." ह्या खेपेला शेठनं मशीन दुरुस्तीला पाठवलं न्हाई. गुरुशांतला पाठवलं.

डोळ्याच्या डॉक्टरीणबाई तरणी पोरगी. बॅटरी मारून बगितलं आन म्हणली, "काका, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. चांगला पिकलाय. तुम्हाला सगळं पिवळट आणि अंधारं दिसत असणार. उजेडाची वस्तू असेल, टीव्ही, मोबाईल, तेवढं जरा बरं दिसत असेल. कागदावरचं बारीक काय दिसणार? किती वर्षं अंगावर काढलंत?"

गुरुशांत म्हणला, "मला सगळं दिसतं."

"बोर्डावरची वरची ओळ वाचा."

त्यानं वाचली. बाईनं मान हलवली. म्हणली, "ती ओळ नाही काका, ते माझं नाव आहे."

ऑपरेशन झालं. आदी एक, मग दुसरा. पट्टी निगाली आन गुरुशांतला घरी आणला. दारातनं आत आला तो थांबलाच. नवं घर, त्यानं सोता निवडलेला रंग, मोतिया पांढरा. भिंती निळ्या हुत्या. दवाखान्याच्या असतात तशा निळ्या.

"ह्यो रंग कवा मारला?"

"तुमीच निवडला की ओ," दानेश्वरी म्हणली. "रंगारी म्हणत हुता, साहेब हा निळा हाय. तुमी त्यालाच झापला."

"आन तू?"

"तुमच्या डोळ्याला कोण बोलणार?"

मग त्यानं मान वर केली. भिंतीवर अप्पा. अप्पा म्हंजे काय, पिठाच्या गिरणीतनं बाहेर पडलेला माणूस. पटका कुटं संपला न् भिंत कुटं सुरू झाली कळंना. गालाला उतार न्हाई, नाकाला सावली न्हाई. दोन डोळे आन एक कोपरा तेवढा पिठात तरंगत हुता. गुरुशांत पयला फोटो हुडकायला लागला.

पयला फोटो सापडला तो दानेश्वरीच्या साड्यांच्या कप्प्यात, साड्यांखाली अंथरलेला. तिनं टाकला न्हवता. त्यानं तो खिडकीत नेला. मान तिरकी केली न्हाई, तशी गरजच पडली न्हाई. काळ्यात काळा किती पदराचा असतो! पटक्याच्या घडीत एक, भुवईखाली दुसरा, मानंच्या खोबणीत तिसरा. सावलीतले डोळे मऊ, आन हसू कोपऱ्यात, आवरलेलं. मॉनिटरपेक्षा सरस. जिता माणूस. मागं चिमट्यांचे वळ उठलेले.

सगळ्यांनी सांगितलं हुतं. ह्यानं कुणाचं ऐकलं?

फोटो काखेत घालून तो तसाच काळा चष्मा लावून महेश्वरकडं गेला. स्टुडिओत मोठं छापायचं यंत्र न्हवतं. त्याच्या जागी मोबाईलची कव्हरं टांगलेली.

"यंत्र कुटं गेलं?"

"दिलं विकून," महेश्वर म्हणला. "मोठे फोटो कोण करतंय आता. पासपोर्ट तेवढे करतो."

"का?"

महेश्वर कव्हरं सारखी करत राहिला. "अरे, बोळाबोळात झालं. शेड मास्तर म्हणला म्हणल्यावर लोकांना खरंच वाटलं. एकजण तर लग्नाचा अल्बम परत घेऊन आला, म्हणला गुरुशांतअण्णांना दाखवून घ्या आदी. मग मलाच शंका यायला लागली बग. रोज तेच दिसायचं, पण आता खरं हाय का न्हाई असं वाटायचं. हात उतरला."

गुरुशांतनं फोटो काउंटरवर ठेवला. आपटला न्हाई. "महेश्वर, ह्यो बरोबर हुता."

"माहीत हाय."

"माझे डोळे—"

"कळलं मला. बायको बोलली." महेश्वरनं फोटोकडं बगितलं, बोटानं त्याची कड सरळ केली. "बरं झालं, लवकर ऑपरेशन झालं. चहा सांगू?"

चहा आला. दोघं प्याले. महेश्वर आणखी काय बोलला असता, शिवी दिली असती, तर गुरुशांतला बरं वाटलं असतं. पण त्यानं पोरीच्या कॉलेजचं इचारलं न् पावसाचं इचारलं, गिऱ्हाईकाला इचारतात तसं.

घरी येऊन गुरुशांतनं स्टूल घेतलं. निदान भिंत तरी सुधारू म्हणला. पिठातला अप्पा काढायचा, खरा लावायचा. खिळ्याला हात घातला, तवर मागनं अव्वा.

"काय करायलास?"

"फोटो बदलतोय. ह्यो चुकलाय अव्वा. माझ्या डोळ्यानं चुकला."

"स्वामींनी विभूती लावली त्याला. पूजा झालेला फोटो उतरवत न्हाईत."

"अव्वा, पण हे अप्पा न्हाईत! लोकं हसतेत. हे बग, हे खरे अप्पा." त्यानं पयला फोटो तिच्या म्होरं धरला.

अव्वानं बगितला. बोट लावून हसू बगितलं. गाल बगितला. मग फोटो त्याच्या हातात परत दिला आन पदर सारखा केला.

"चांगला हाय," ती म्हणली. "पण हे लई लहान हायेत रे. तुझ्या पोरीएवढे. मी असल्या पोराशेजारी कशी शोभीन आता?" तिनं वर भिंतीकडं बगितलं, त्या पांढऱ्याफटक, धुऊन गेलेल्या तोंडाकडं. "त्या दिवशी तू लावलास, आन मला वाटलं, असेच पिकले असते हे. केस असेच गेले असते. भुवया अशाच. माझ्याबरोबर म्हातारे होऊन आल्यासारखे आले. तवाच म्हणलं तुला, बरं केलंस."

गुरुशांत स्टूलावर उभाच.

"उतर खाली," अव्वा म्हणली. "नवा डोळा हाय, पडशील. आन तो पोरगा घेऊन जा आत. साड्यांत ठीक हुता."